हिरवी वाकी

रुमलीच्या दंडावरची वाकी हिरवी होती आणि तिच्या पायांतले चांदीचे तोडे मांसात रुतले होते. दोघांपैकी कोणीतरी एक खोटं बोलत होतं, आणि तोड्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. पण आमच्या खात्यात हल्ली आरशालाच नोकरी आहे, कांकणाला कोणी विचारत नाही.

मी इंदुमती गांगुर्डे, सारोळवाडी उपकेंद्राची नर्स. सव्वीस वर्षं हेच करते आहे. नाशिकच्या अलीकडचा हा द्राक्षांचा पट्टा. ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्चच्या काढणीपर्यंत इथे डोंगरातून मजुरांच्या टोळ्या उतरतात. पूर्वी पेठ-सुरगाण्याच्या यायच्या, आता थेट सातपुड्यातून, धडगावकडून पावरा लोकांच्याही येतात. बागेच्या कडेला निळ्या प्लास्टिकची पालं पडतात आणि एका आठवड्यात माझ्या यादीत चाळीस-पन्नास पोटुशी बायका वाढतात. माणसं वाढतात, नर्स एकच राहते. गुडघे दोन आहेत, तेही आता कुरकुरतात. मी या सगळ्याने इतकी थकले आहे, की रजेच्या दिवशीही बसल्या जागी बोटांवर बाळंतपणाच्या तारखा मोजत असते.

वाकीबद्दल आधी सांगायला हवं, कारण ती वाईट नाही. तिला शिव्या घालणाऱ्या बऱ्याच जणांना ती काय आहे हेच माहीत नसतं.

मी नोकरीला लागले तेव्हा रक्तदाबाचा सगळ्यांना एकच नियम होता. वरचा आकडा एकशे चाळीस, खालचा नव्वद. त्याच्या आत असलात तर ठीक, बाहेर गेलात तर धोका. पण डोंगरावरच्या, अर्धपोटी वाढलेल्या, दिवसभर चढउतार करणाऱ्या पोरीचा दाब मुळातच नव्वद-साठ असतो. तो एकशे अडतीसवर गेला तरी कागदावर ती ठीकच. आत मात्र तिचं शरीर पेटलेलं असतं. वार नीट रुजली नाही की बाईच्या साऱ्या रक्तवाहिन्या आवळायला लागतात. मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, अंगावर सूज येते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि शेवटी झटके. अशा बायका ‘ठीक’ असा शेरा कागदावर असतानाच आमच्या हातून गेल्या. दोन तर माझ्याच हातून.

मग कोणा शहाण्या माणसांनी ठरवलं, की बाईची तुलना दुसऱ्या बायकांशी करायचीच नाही, तिची तुलना तिच्याशीच करायची. चौथ्या महिन्यात नाव नोंदवताना तिच्या दंडात ही वाकी चढवायची. पहिले सात दिवस वाकी नुसती शिकते. दंडातून नाडीची लाट कशी जाते ते ती प्रकाशाने बघते, त्यावरून दाब काढते, आणि झोप, ऊन, ओझं, चढण असं सगळं हिशेबात धरून त्या बाईचा ‘घरचा आकडा’ ठरवते. त्यानंतर बाई आपल्या घरच्या आकड्यापासून किती दूर गेली एवढंच मोजत राहते. जवळ असली तर हिरवी, दूर निघाली तर पिवळी, फार दूर किंवा एकशे साठच्या वर गेली तर लाल. रेंज नसली तरी सगळं साठवून ठेवते. बाई धडगावहून निघून गुजरातेत गेली काय नि नाशकात आली काय, तिची कुंडली तिच्या दंडावर. स्थलांतरित बायकांसाठी याहून चांगलं काही माझ्या नोकरीत आलेलं नाही, हे मी आजही म्हणेन.

वाकी आली आणि तिच्यामागून नियम आले. रुग्णवाहिका रंगावर येते. उपकेंद्रातली औषधांची पेटी रंगावर उघडते. रुग्णालयाच्या दारात आधी रंग बघतात आणि हिरव्या बाईला बाकावर बसवतात. ती पालावरून आलेली असेल तर जरा जास्तच वेळ. लघवी तपासायच्या पट्ट्या यायच्या बंद झाल्या, कारण गरज उरली नव्हती. नर्सने स्वतःच्या अकलेने लाल करायचं एक बटण पहिल्या वर्षी टॅबवर होतं. आम्ही ते फार दाबतो असं निघालं, मग तेही काढून टाकलं.

तर, डिसेंबरातला बुधवार, सकाळचे साडेदहा. बागेत विरळणी चालू होती. म्हणजे घडात दाटी झालेले मणी कात्रीने कापून उरलेल्यांना फुगायला जागा करायची. मांडवाखाली बायका सकाळपासून हात वर करून उभ्या असतात. रुमली त्यांच्यात होती. वय एकोणीस, पहिलटकरीण, आठवा महिना. तिला मी याआधी दोनदा पाहिलं होतं, असं माझी नोंद सांगते. खरं म्हणजे मी दोन्ही वेळा बांधावर स्कूटर उभी करून टॅब बघितला होता, यादीत तिच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, आणि मी पुढच्या बागेकडे गेले होते. याची लाज मला आजही वाटते. त्या दिवशी स्कूटर पंक्चर झाली नसती, तर मी तिचे पाय बघितलेच नसते.

मी तिला मांडवाबाहेर बसवलं. चेहरा फुगलेला, पापण्या जड. डोकं दुखतं का विचारलं, तर तिने सासूकडे पाहिलं. सासू थावरीबाई, पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण, कमरेला हात लावून पोरीच्या पुढ्यात उभी. पावरी बोली आमच्या टॅबच्या यादीत नाही. तिच्यावर हिंदी लावली की काहीतरी खिचडी बाहेर पडते, म्हणून मी ते यंत्र कधी लावत नाही. रुमलीचा नवरा दिलवर दहावीपर्यंत शिकलेला, त्याला बोलावलं. तो म्हणाला, दुखतं म्हणते, चार दिवस झाले. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्यावर दिलवर खाली बघत म्हणाला, वाकी हिरवी होती ना, आम्हाला वाटलं तिला कळत असेल.

बागाईतदाराची पिकअप मागितली आणि तिघांना घेऊन उपकेंद्रावर आले.

जुन्या पट्ट्याने दाब घेतला. एकशे अडतीस-अठ्ठ्याऐंशी. वाकीतही तेच. म्हणजे वाकी मोजण्यात चुकत नव्हती. मग मी फडताळात मागे सारलेला स्पिरिटचा दिवा शोधला. रुमलीची लघवी काचेच्या नळीत घेतली, नळी वरच्या अंगाने तापवली आणि व्हिनेगरचे दोन थेंब टाकले. मी शिकले तेव्हा आमच्या मेट्रन असंच करायला लावायच्या. अंड्यातलं पांढरं शिजावं तशी ती लघवी नळीत घट्ट झाली. म्हणजे प्रथिनं गळत होती.

नियंत्रण कक्षाला फोन लावला. आमच्या तालुक्यासाठी तिथे डॉ. अन्विता महाबळ असतात. बत्तीस वर्षांची हुशार मुलगी, कधी उद्धट बोलत नाही. तिने आलेख उघडला आणि मला वाचून दाखवला. रुमलीचा घरचा आकडा एकशे छत्तीस-अठ्ठ्याऐंशी. पाचव्या महिन्यात दाब एकदम खाली गेला, तो बहुतेक बायकांचा जातोच, कारण मधल्या महिन्यांत रक्तवाहिन्या सैल पडतात. शेवटच्या दोन महिन्यांत तो परत आपल्या जागेवर येतो. रुमलीचाही हळूहळू चढत परत आला होता. पुस्तकात छापावा असा आलेख.

“ती तिच्या घरीच आहे, सिस्टर,” ती म्हणाली.

मी लघवीचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की जंतुसंसर्गानेही गढूळ होते, आणि तसंही ते नोंदवायला आता रकाना नाही. वाकी पिवळी झाली की लगेच कळवा. मला तिचा रागसुद्धा आला नाही. राग यायला अंगात जोर लागतो. ती समोरच्या आलेखावरून बरोबरच बोलत होती, आणि समोरची बाई मरायला टेकली होती.

फोन ठेवून मी खुर्चीत बसले. पिकअप बाहेर उभी होती. तिच्यात घालून रुमलीला मोठ्या रुग्णालयात न्यावं, तर तासाभराने तिथल्या बाकावर बसली असती. त्याच महिन्यात सुरगाण्याची एक हिरवी बाई दारातून दोनदा परत आली होती. माझ्या पाठीमागच्या भिंतीत मॅग्नेशियमची इंजेक्शनं होती, झटके थांबवणारी, आणि पेटीला हिरवा दिवा होता म्हणजे ती बंद होती.

एकशे छत्तीस हा आकडा मात्र माझ्या डोक्यातून जाईना. एकोणीस वर्षांची, काडीसारखी डोंगरावरची पोर. तिचं घर एवढ्या उंचावर कसं? मी दिलवरला विचारलं, पहिल्या आठवड्यात ही वाकी आणखी कोणी घातली होती का? त्याने आईला विचारलं. थावरीबाईचं तोंड मिटलं ते मिटलंच. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. ती मराठीत, तुटक, एवढंच म्हणाली, “बाई, ते बोलायचं नाही.”

मी वैतागले. या बायका काही म्हणून सांगत नाहीत, असं मी तोंडावर बोलले. हे वाक्य मी सव्वीस वर्षांत किती वेळा बोलले असेन देव जाणे. सांगणाऱ्या बाईला बसायला स्टूलसुद्धा न देता बोलले असेन.

तेवढ्यात रुमली काहीतरी पुटपुटली. दिलवर पांढराफटक पडला. “म्हणते, दिवा दोन दिसतो. कडेचं काही दिसत नाही.”

थावरीबाई उठली. तिने सुनेच्या दंडावरची वाकी सरकवून काढली. आंघोळीला आणि चार्ज करायला काढावी लागते म्हणून तिला कुलूप नसतं. काढली आणि स्वतःच्या दंडात चढवली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दंड माझ्याकडे करून, तोंड भिंतीकडे फिरवून. मी ओरडणार होते. पण दोन मिनिटांत टॅबवर नाडीची लाट स्थिरावली आणि आकडे आले. एकशे सदतीस-अठ्ठ्याऐंशी. खाली बारीक अक्षरांत ओळ आली: घरच्या आकड्याशी नव्याण्णव टक्के जुळणी.

वाकी आपल्या माणसाला ओळखत होती. ती पहिल्या दिवसापासून थावरीबाईचीच होती.

मग दिलवरने सांगितलं, अडखळत, कारण या बायकांच्या गोष्टी आणि त्यालाही अर्धवटच माहीत. त्यांच्या पाड्यावर पहिलटकरणीच्या अंगावर नवा दागिना थेट घालत नाहीत. आधी तो अशा बाईने घालायचा जिची सगळी मुलं जगली. एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत, म्हणजे आठवडाभर. तिचं जगणं दागिन्यात उतरतं, वाईट नजर तिच्या अंगावर फुटते, आणि मग तो सुनेला मिळतो. थावरीबाईची सातही मुलं जगली. धडगावच्या दवाखान्यातल्या बाईने वाकी दिली, तेव्हा ती चांदीसारखी दिसत होती, दंडात घालायची होती, पोटासाठी होती. मग दागिना नाही तर काय? आणि हे बाळ जन्माला यायच्या आधी तोंडाने सांगितलं, की दिलेलं सगळं उतरून जातं. म्हणून ती बोलत नव्हती. बोलली नाही, पण दाखवलं.

मला सगळा आलेख एका क्षणात कळला. पहिल्या आठवड्यात वाकी सासू शिकली. आठव्या दिवशी सुनेच्या दंडात गेली आणि दाब धाडकन नव्वदवर आला. यंत्र म्हणालं, ठीक, मधल्या महिन्यांत उतरतोच. मग पोरीचा दाब आजारानं चढत गेला, शंभर, एकशे वीस, एकशे अडतीस. यंत्र म्हणालं, छान, घरी परत चालली. चार महिने ते यंत्र एका पोरीला मरणाकडे जाताना बघत होतं आणि समाधानाने हिरवं होत होतं. आणि यात कोणाचीच नियत वाईट नव्हती. चोर सापडला असता तर बरं झालं असतं, निदान कोणाला तरी बोलता आलं असतं.

आता खरं कळलं होतं, पण खऱ्याचा उपयोग काय? नवीन नोंद केली तर वाकी पुन्हा सात दिवस शिकणार, आणि तोवर सगळ्यांचा जुना नियम लागू. एकशे चाळीसच्या आत, म्हणजे हिरवी. डॉ. महाबळना समजावून, त्यांनी वरच्यांना समजावून, कोणीतरी परवानगी देईपर्यंत तास गेले असते. रुमलीच्या हाताची बोटं थरथरायला लागली होती.

माझ्या स्वतःच्या दाबाच्या गोळ्या संपून नऊ दिवस झाले होते. आणायला वेळ झाला नव्हता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण मला माझंही कळत नव्हतं, इतकी मी रोज दुसऱ्यांचे आकडे वाचत होते. मी थावरीबाईपुढे हात केला. तिने वाकी काढून दिली. मी बाही वर सारली, वाकी माझ्या दंडात चढवली आणि उपकेंद्राच्या पायऱ्या चार वेळा चढले-उतरले. गुडघ्यांनी हाय खाल्ली. चौथ्या फेरीला टॅब किंचाळला. एकशे शहात्तर-एकशे चौदा. रुमली दिलवर पावरा, लाल, ताबडतोब हलवा. भिंतीतली पेटी खट्‌ करून उघडली.

दोन्ही कुल्ल्यांत एक-एक, खोल, असं मॅग्नेशियम दिलं. ते फार दुखतं. रुमलीने सासूचा हात धरला आणि दात आवळले. गाडी बावीस मिनिटांत आली. मी वाकी काढली नाही. तिच्या दंडात परत घातली असती तर रस्त्यातच हिरवी झाली असती. एप्रनच्या बाहीखाली ती घालून मी रुमलीच्या शेजारी गाडीत बसले आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत तशीच गेले. दारात टॅब लाल दाखवत होता, तेवढं पुरलं. तोवर रुमलीचा खरा दाबही एकशे अडुसष्ट झाला होता, तो तिथल्या डॉक्टरांनी स्वतः मोजला आणि मग त्यांनी वाकीकडे पुन्हा पाहिलं नाही. टेबलावर घेताना तिला एक झटका आला. एकच आला. दुपारी तीनच्या सुमारास मुलगी झाली, दीड किलो वजनाची, आणि तिला उबेच्या पेटीत ठेवलं.

थावरीबाई व्हरांड्यात जमिनीवर बसून होती. दिलवरने मुलगी झाल्याचं सांगितलं तर तिने आधी सुनेचं विचारलं.

पाचव्या दिवशी डॉ. महाबळ यांचा फोन आला. आवाजात आनंद होता. लाल झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतचा वेळ जिल्ह्यात सर्वांत कमी होता. वाकीने शेवटच्या क्षणी अचूक ओळखलं, असं वरती कळवलं होतं. माझा फोटो हवा होता. एक लहानशी फिल्म करणार होते, आई, बाळ, वाकी आणि सिस्टर. “त्या दिवशी मी तुम्हाला थांबा म्हणाले, सिस्टर. वाईट वाटतंय,” असंही ती म्हणाली, मनापासून.

मी गप्प बसणार होते. खरंच सांगते. पोर जगली होती, तिची मुलगी जगली होती. खोटी नोंद केली म्हणून निलंबन ओढवून घ्यायचं, चौकशीला सामोरं जायचं, हे सगळं करायला माझ्या अंगात त्राण नव्हतं. सव्वीस वर्षांत एकदा कोणीतरी फोटो मागत होतं. मी म्हटलं, उद्या कळवते.

दुपारी डबा घेऊन रुग्णालयात गेले. व्हरांड्याच्या टोकाला थावरीबाईशेजारी बसले आणि भाकरी तिच्यापुढे ठेवली. दिलवर होता म्हणून बोलणं जमत होतं. सहज, काहीतरी बोलायचं म्हणून, मी विचारलं की पाड्यावरच्या सगळ्या बायका दागिना घालून घ्यायला तिच्याकडेच येतात का. तिचा चेहरा प्रथमच उजळला. सगळ्या. पलीकडच्या दोन पाड्यांवरूनही. सातची सात मुलं जगलेली दुसरी आहे कोण? मग मी विचारलं, यंदा किती?

तिने दोन्ही हातांची बोटं पसरली. मग दोन्ही हात मिटून एकच बोट पुन्हा वर केलं.

अकरा. रुमली सोडून अकरा. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत, कधी दोन-दोन, तीन-तीन वाक्या एकदम दंडात घालून ती फिरली होती. आता त्या बायका कुठे आहेत, तर कोणी गुजरातेत मिठागरांवर, कोणी वीटभट्ट्यांवर, कोणी ऊसतोडीला, दोघी बडवानीकडे. प्रत्येकीच्या दंडावर थावरीबाईचं घर. प्रत्येकीला एकशे साठपर्यंत मोकळं रान.

मी दिलवरला समजावून सांगितलं, आलेख जमिनीवर बोटाने काढून दाखवला. तो आईला सांगत होता आणि तिचा उजळलेला चेहरा हळूहळू मावळत होता. ती पोथी-पुस्तक शिकलेली नाही, पण तिला एका फटक्यात कळलं. मला आलेख ऐकूनसुद्धा त्या दिवशी इतका वेळ लागला होता. आपण ज्याला राखण म्हणून दिलं त्यानेच दार उघडं टाकलं, हे कोणत्या बाईला ऐकवेल? मला तिची फार दया आली, आणि तिला हे सांगणारी मीच होते.

मी म्हटलं, नावं हवीत. वाकीच्या यादीत तीनशे पावरा बायका आहेत, त्यातल्या या अकरा कोणत्या हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

ती दिलवरशी हळू बोलली. त्याने मला सांगितलं नाही, मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. अजून एकीचंही बाळंतपण झालेलं नाही. नाव घेतलं की तिची राखण गेली, हे पाड्यावर सगळे मानतात. यापुढे तिला कोणी बोलावणार नाही, ते एक वेळ सोसता येईल. “पण नाव घेतल्यावर एखादीचं मूल गेलं,” दिलवर म्हणाला, “तर आईला डाकीण म्हणतील. आमच्याकडे डाकीण म्हटलं की काय करतात, तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. एकदा अशा एका बाईच्या जखमा मी धुतल्या होत्या.

माझं निलंबन आणि तिचा जीव एका तराजूत घालायची मला लाज वाटली. मी फक्त फोन काढला आणि डॉ. महाबळना लावला. दोघांना ऐकू जाईल असा लावला. म्हटलं, मॅडम, फिल्म करू नका. लाल झाली ती वाकी माझ्या दंडात होती. तो दाब माझा होता. मग सासूचं सांगितलं, सात दिवसांचं सांगितलं, सगळं. मी बोलताना दिलवर वाक्य-वाक्य आईच्या कानात सांगत होता.

“सिस्टर,” डॉ. महाबळ म्हणाली, “हे मला लिहून द्यावं लागेल. तुम्हाला कळतंय ना?”

कळतंय म्हटलं. आणि म्हटलं की माझं नंतर बघा, आधी या अकरा जणी शोधा, नाहीतर तीनशे जणींचा दाब आजच्या आज हाताने मोजून घ्या. त्यावर ती म्हणाली की चार जिल्हे, तीन राज्यं, एका फोनवर कोण हलेल?

तेव्हा थावरीबाईने नाव घेतलं. कोणी विचारलं नव्हतं. भाकरीचा तुकडा खाली ठेवून, पदर डोक्यावर ओढून, ती फोनकडे वाकली आणि म्हणाली, “नानबाई. वाहऱ्याची बायको. बिलगाव.” मग डोळे मिटले, आणि पुढचं नाव. वेस्ती. मग रायली. प्रत्येक नावानंतर ती थांबायची, ओठ हलायचे. देवाची माफी मागत होती की त्या पोरीची, मी विचारलं नाही. पलीकडून कळा दाबल्याचा आवाज येत होता. सातवं नाव तिच्या बहिणीच्या नातीचं होतं. दिलवर म्हणाला, आई, मी सांगतो. तिने नाही म्हणून मान हलवली. वाक्या तिनेच घातल्या होत्या, नावंही तिनेच सांगायची होती. अकरावं नाव झालं आणि ती भिंतीला टेकली.

“सगळ्या सापडल्या,” डॉ. महाबळ म्हणाली. आता तिचा आवाज आलेख वाचणारा राहिला नव्हता. “तिघींचा दाब गेल्या महिन्यापासून चढतोय. पण सिस्टर, अकराही हिरव्या आहेत. हिरव्या बाईला गाडी पाठवायचा अधिकारच मला नाही. मी वर काय सांगू?”

थावरीबाईने दिलवरकडून अर्थ विचारून घेतला, माझ्या हातातून फोन घेतला, आणि तो उलटा धरलाय हे कळल्यावर सुलटा केला.

“माझं नाव सांग,” ती म्हणाली. “थावरीबाईने सांगितलं म्हण. गाड्या पाठव.”

आणि पलीकडून उत्तर यायची वाट न बघता तिने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश, कोणती बाई कोणत्या भट्टीवर आणि कोणत्या फडावर आहे त्यासकट.